टाकीत बाटली ओतण्यापूर्वी

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की आपल्या बेटावरचे रस्ते लॉऱ्यांच्या घरघरीने पहाटेपासूनच जागे होतात. याच दिवसांत पंपावरच्या आणि सुट्या भागांच्या दुकानांतल्या फळ्यांवर लहान लहान बाटल्याही गर्दी करतात. कोणी म्हणते, ही डिझेलमध्ये ओता, इंजिन आतून आरशासारखे स्वच्छ होईल. कोणी म्हणते, धूर बंद होईल, ताकद वाढेल, डिझेल कमी लागेल. बाटली फार महाग नसते आणि मेकॅनिककडे गाडी ठेवायची तर दोन दिवसांची मजुरी बुडते. मग मनुष्य बाटली घेतो. आम्हीही घेतली होती, आणि म्हणूनच आज या विषयावर दोन शब्द लिहावेसे वाटले.

आमच्या घरची पिकअप जुनी आहे. भाजीच्या टोपल्या, सणासुदीची भांडी, कुणाचे कपाट, कुणाची खाट, सारे तिने वाहिले. गेल्या वर्षी चढावर ती दमू लागली आणि मागून काळा धूर सोडू लागली. आमच्या धाकट्या बंधूंनी दुकानातून सफाईची बाटली आणावयाचे ठरविले. विक्रेता म्हणाला, ‘दोन घ्या, लवकर फरक पडेल.’ एक बाटली साठ लिटर डिझेलसाठी आहे असे तिच्यावर छापलेले होते. टाकीत त्या वेळी जेमतेम पंधरा लिटर होते. बंधूंनी दोन्ही बाटल्या ओतल्या. हिशेब करून पाहा : सांगितलेल्या प्रमाणाच्या आठपट औषध त्या बिचाऱ्या गाडीला एका घोटात पाजले गेले.

तिसऱ्या दिवशी नात्यातल्या एका लग्नघराची पातेली घेऊन गाडी शामारेलला निघाली. तो चढ कसा आहे हे ब्लॅक रिव्हरकडच्या वाचकांना सांगावयास नको. अर्ध्या वाटेवर इंजिन आचके देऊ लागले आणि एका वळणावर बंद पडले. इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदतही दोन-चार दाबांत संपते. मागे मुले बसली होती. बंधूंनी गाडी डोंगराच्या बाजूला टेकविली, चाकाखाली दगड लावला, म्हणून पुढचे टळले.

इथवर सारे निभावले होते. पण डिझेल खराब आहे की काय हे पाहावे म्हणून बंधूंनी टाकीत रबरी नळी सोडली आणि तोंडाने ओढले. आपल्याकडे हे सर्रास करतात, आमच्या वडिलांनाही आम्ही तसे करताना पाहिले आहे. या वेळी घोट घशात गेला, ठसका लागला आणि खोकला थांबेना. जवळच्या एका भल्या माणसाने मिठाचे पाणी आणून ‘ओकून टाका’ असा आग्रह धरला. त्यांचा हेतू चांगलाच होता. इस्पितळात पोहोचल्यावर परिचारिकेने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की ओकारी करविली का? करविली नव्हती, हे नशीब. डिझेल किंवा असले औषध पोटात गेले तर त्याने जितकी हानी होते त्याहून मोठी हानी ते फुप्फुसांत शिरल्याने होते. ते पातळ असते, ओकताना सहज श्वासनळीत उतरते आणि फुप्फुसांना सूज आणते. म्हणून अशा वेळी मिठाचे पाणी नको, बोट घालणे नको. तोंड पाण्याने चुळा भरून धुवावे, बाटली बरोबर घ्यावी आणि तडक इस्पितळ गाठावे. बंधूंना एक रात्र तिथे काढावी लागली. छातीतली जळजळ जावयास आठवडा लागला.

दोष कुणाचा? विक्रेत्याचा थोडा आहे, त्याविषयी पुढे बोलू. पण मोठा दोष आमचा. गाडीची डिझेलची गाळणी कधी बदलली होती हे घरात कुणालाच आठवेना.

आत काय घडले ते आता पाहू. टाकी वर्षानुवर्षे धुतली नसली की तिच्या तळाशी आणि भिंतींना एक काळपट चिकट थर बसतो. जुने डिझेल हवेने बिघडून तयार झालेला डिंक, गंजाची भुकटी आणि पाणी यांचा तो काला असतो. तो जागच्या जागी असतो तोवर फारसा त्रास देत नाही. सफाईचे द्रव्य एकदम जोरात पडले की तो थर सुटतो आणि डिझेलबरोबर गाळणीत येतो. गाळणी आधीच अर्धी भरलेली असली तर पूर्ण बुजते, आणि चढावर इंजिनाला जेव्हा अधिक डिझेल हवे असते नेमके तेव्हाच ते उपाशी राहते. गाळणीने आपले कर्तव्यच केले म्हणावयाचे. ती नसती तर तो गाळ पंपात आणि इंजेक्टरांत गेला असता आणि मग पिकअप विकूनही दुरुस्तीचा खर्च निघाला नसता.

याचा अर्थ ह्या बाटल्या म्हणजे केवळ फसवणूक, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे सोपे आहे, परंतु ते खरे नाही. डिझेल इंजिनात पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे यंत्र सिद्ध केले त्यात हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होण्याच्या बेतात येते. त्या हवेत इंजेक्टर डिझेलचा धुक्यासारखा फवारा सोडतो आणि तो आपोआप पेटतो. सारी करामत या फवाऱ्यात आहे. इंजेक्टरच्या टोकाची छिद्रे एक-दोन केसांच्या जाडीएवढी असतात. त्यांच्या तोंडाशी काजळी बसली की धुक्याऐवजी थेंब पडू लागतात, थेंब पुरते जळत नाहीत, आणि तेच आपण काळा धूर म्हणून मागून येताना पाहतो. चांगल्या सफाई-द्रव्यातले रेणू साबणासारखे वागतात. त्यांचे एक टोक काजळीला चिकटते, दुसरे लांब शेपूट डिझेलमध्ये विरघळते, आणि काजळी कणाकणाने सुटून जळून जाते. हात साबणाने धुतो तसेच, फक्त फार सावकाश. एका टाकीत चमत्कार होत नाही, दोन-तीन टाक्या जाव्या लागतात. आणि नवी काजळी बसू न देणे हे त्याचे काम जुनी काढण्यापेक्षा त्याला अधिक चांगले जमते.

पण एक गोष्ट बाटलीवर कोणी छापत नाही. टाकीत ओतलेले औषध डिझेल जिथे जाते तिथेच जाते : टाकी, नळ्या, गाळणी, पंप, इंजेक्टर आणि जळण्याची जागा. डिझेल इंजिनाच्या हवा आत येण्याच्या मार्गाने डिझेल जातच नाही. जळालेला धूर पुन्हा आत घेणारी झडप ज्या गाड्यांत असते त्यांत या मार्गावर काजळीची जाड पुटे चढतात. तिथे टाकीतली बाटली पोहोचणार कशी? पाय दुखतो म्हणून डोळ्यांत थेंब घालण्यासारखे ते झाले. एअर फिल्टर भरलेला असेल, टर्बोची रबरी नळी फाटली असेल, किंवा इंजेक्टर झिजलाच असेल, तर शंभर बाटल्यांनीही धूर जाणार नाही. धुराचा रंग पाहावयास शिकले पाहिजे. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते आहे किंवा फवारा बिघडला आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहत असेल तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे, किंवा रेडिएटरचे पाणी आत शिरते आहे. निळ्या धुरावर आणि पाणी शिरण्यावर सफाईची बाटली घेणे म्हणजे पैसे गटारात टाकणे होय. आमच्या पिकअपचा एअर फिल्टर नंतर उघडून पाहिला तेव्हा त्यात उसाच्या पाचोळ्याची भुकटी आणि एक मेलेली पाल निघाली!

आणि धूर हा केवळ गाडीच्या अब्रूचा प्रश्न नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातला. शाळेसमोर इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या व्हॅनच्या मागे आपलीच लेकरे उभी असतात. तेव्हा धुराचे खरे कारण शोधून काढणे महत्त्वाचे, आणि बाटलीने ते शोधणे महिनाभर पुढे ढकलले जात असेल तर ती बाटली निरुपद्रवी कशी म्हणावी?

घरगुती उपायांबद्दल तर आमचे मत अधिकच कडक आहे. डिझेलमध्ये थोडे रॉकेल, थोडे पेट्रोल, स्कूटरचे ऑईल, रंगाचा थिनर, असे नुस्खे गल्लोगल्ली मिळतात. डिझेल पंपाला वेगळे वंगण नसते, अंगातून वाहणारे डिझेल हेच त्याचे वंगण. रॉकेल आणि पेट्रोल ते वंगण पातळ करतात आणि पंप कोरडा घासतो. पेट्रोलची वाफ तर साध्या हवेतही पेट घेते, सबब थोडेसे पेट्रोलही डिझेलची टाकी आगीच्या दृष्टीने धोक्याची करून ठेवते. थिनरने रबरी वायसर फुगतात. ऑईलमधल्या धातूंची राख होते आणि ज्या नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर गाळणारी जाळी असते त्या जाळीत ती कायमची अडकते. काजळी जळते, राख जळत नाही. आमच्या काकांच्या काळातल्या इंजिनांनी हे सारे पचविले असेल, आजची पचवीत नाहीत.

मग करावे काय? आम्ही आता काय करतो ते सांगतो. आधी गाडीचे पुस्तक पाहतो, कारण काही कारखाने डिझेलमध्ये काहीही मिसळू नका असेच लिहितात, आणि गाडी हमीच्या मुदतीत असेल तर तो शब्द शेवटचा. नंतर गाळणीच्या तळाशी जो पाण्याचा लहान नळ असतो तो इंजिन बंद व थंड असताना सैल करून खाली काचेची बरणी धरतो. आपल्या दमट हवेत अर्ध्या भरलेल्या टाकीत रात्री दंव धरते. पाणी डिझेलहून जड, म्हणून ते बरणीत तळाशी वेगळे दिसते. स्वच्छ डिझेल येऊ लागले की नळ बंद. हे पाणी औषधाने ‘विरघळवून’ इंजिनातून पाठविण्यापेक्षा असे हाताने काढलेले केव्हाही बरे. टाकी फार जुनी असेल तर गाळ आहे की नाही हे मेकॅनिकला दाखवावे, आणि गाळ असेल तर टाकी उतरवून धुवावी. तिथे बाटलीचे काम नाही. मग नवी गाळणी बसवावी आणि आणखी एक गाळणी गाडीत जवळ ठेवावी. बाटली डिझेलसाठीच आहे ना हे दोनदा वाचावे, कारण पेट्रोलची बाटली शेजारीच आणि दिसावयास जुळ्या बहिणीसारखी असते. मापाप्रमाणे औषध आधी टाकीत घालावे आणि वरून डिझेल भरावे म्हणजे ते नीट मिसळते. साठ लिटरची बाटली आणि तीस लिटर डिझेल, तर अर्धीच बाटली. नंतरचे काही दिवस लांबचा चढाचा प्रवास आणि मुलांची ने-आण दुसऱ्या गाडीने करावी. गाडी आचके देऊ लागली तर ती औषधाची करणी नसून गाळणीची हाक आहे असे समजावे.

थंड देशांत हिवाळ्यात डिझेल थिजू नये म्हणून वेगळी बाटली विकतात. ती इथेही कुठे कुठे दिसते. क्यूरपिपच्या जुलैत आपल्याला कितीही हुडहुडी भरली तरी आपल्या बेटावर तिचा उपयोग शून्य.

नव्या गाड्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यात सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून डिझेल मिळते आणि त्या नळीतला दाब दोन हजार बारच्या घरात, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे हजारपट, जाऊ शकतो. हौशी हातांनी इथे पान्हा लावू नये. इंजिन चालू असताना या नळीचा सांधा सैल केला किंवा गळती कुठे आहे ते बोटाने चाचपून पाहिले तर बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही, आणि आत मात्र मांस सडू लागते. अशा बोटावर वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवावे लागू शकते. घरातला तरुण ‘काही नाही, ओरखडा आहे’ म्हणून हसत असला तरी त्याला इस्पितळात न्या आणि ‘डिझेल दाबाने आत गेले आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगा. आणखी एक : काही गाड्यांना अ‍ॅडब्लू नावाचे द्रव्य लागते. ते युरियाचे पाणी, त्याची टाकी वेगळी. ते इंजिन साफ करणारे औषध नव्हे. चुकून डिझेलच्या टाकीत पडले तर किल्ली फिरवूसुद्धा नये, गाडी ओढून न्यावी.

बाटली हाताळण्याचे नियम साधे आहेत, पण पाळतो कोण? मोकळ्या हवेत ओतावे, हातमोजे घालावेत, जवळ सिगारेट नको, उदबत्तीही नको. काही औषधांत डिझेल लवकर पेटविणारा घटक असतो, त्याच्या वाफेने डोके दुखते. कोंदट गॅरेजात डोके जड झाले तर तो उन्हाचा त्रास नव्हे. डोळ्यांत उडाले तर पंधरा मिनिटे पाण्याखाली धरावे. उरलेली बाटली सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची जी सवय आपल्या घरांत आहे ती तर आजच मोडावी. तान्ह्या मुलांना रंगीत पाण्यातला फरक कळत नाही.

वादळासाठी ठेवलेल्या जनरेटरांबद्दलही बोलणे भाग आहे. नोव्हेंबरपासून मेपर्यंत आपण ढगांकडे पाहतो, आणि २०२४च्या जानेवारीत ‘बेलाल’ आले तेव्हा दिवे गेल्यावर कित्येकांनी वर्षभर न हलविलेला जनरेटर ओढून काढला असेल. पडून राहिलेल्या डिझेलखाली पाणी साचले की त्या दोहोंच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढतात आणि काळपट बुळबुळीत साय धरते. तिच्यावर सफाईचे औषध चालत नाही, जंतुनाशक लागते, आणि त्याने मेलेले जंतूही पुन्हा गाळणीतच येतात. सर्वांत सोपा उपाय म्हणजे पाणी काढणे, टाकी भरलेली ठेवणे आणि महिन्यातून एकदा जनरेटर भार देऊन चालविणे. डिझेल जस्ताचा मुलामा दिलेल्या पिंपात मात्र साठवू नये. जस्ताचा अत्यल्प अंशही डिझेलमध्ये उतरून इंजेक्टरच्या तोंडाशी थर बसवितो, म्हणजे आपण एका हाताने साफ करतो आणि दुसऱ्या हाताने मळवितो.

बरणीत काढलेले गढूळ डिझेल कुठे जाते? बहुतेक घरांत मागच्या गटारात. २०२०च्या जुलैत ‘वाकाशियो’ जहाज प्वांत देस्नीजवळ खडकावर चढले आणि ऑगस्टात त्याचे तेल समुद्रात आले, तेव्हा याच बेटावरच्या लोकांनी उसाच्या पाचोळ्याचे दोर भरून ते अडविले. त्या वेळी रात्री जागलेल्या हातांनी गटारात डिझेल ओतावे हे आम्हांला पटत नाही. जुने तेल घेणाऱ्या गॅरेजात ते द्यावे.

आता विक्रेत्यांविषयी. बाटलीवरची सूचना परक्या भाषेत, मुंगीएवढ्या अक्षरांत असते. गिऱ्हाइकाला चष्मा लावून वाचावयाची सवय नाही हे विक्रेत्याला ठाऊक असते. त्याने ‘दोन घ्या’ म्हणण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : टाकीत किती डिझेल आहे, आणि गाळणी कधी बदलली? आमच्या बंधूंना हे विचारले असते तर ती रात्र इस्पितळात गेली नसती. गॅरेजवाल्यांकडेही आमची एक मागणी आहे. गाळणी बदलली म्हणून पैसे घेता, तर जुनी गाळणी मालकाच्या हातात द्या. ती पाहून मालकाला जे कळते ते कोणत्याही जाहिरातीने कळत नाही.

आमच्या पिकअपची टाकी उतरविली तेव्हा तळातून दोन मुठी गाळ निघाला. टाकी धुतली, गाळणी नवी आली, एअर फिल्टर नवा आला, एक इंजेक्टर झिजलेला निघाला तो बदलला. त्यानंतरच मापाने औषध घातले. धूर आता चढावरही क्वचित दिसतो. यात बाटलीचा वाटा किती आणि चौथ्या इंजेक्टरचा किती, याबद्दल बंधूंचा आणि आमचा अजून वाद चालू आहे.

गणेश विसर्जनाला फार दिवस उरलेले नाहीत. ज्या मंडळींनी मिरवणुकीसाठी लॉरी आणि जनरेटर सांगून ठेवले आहेत त्यांनी येत्या रविवारीच मालकाला घेऊन गाळणीखालचा तो लहानसा नळ उघडून पाहावा. बरणी मात्र घरून न्यावी, आणि नळी तोंडाने ओढू पाहणाऱ्या काकांना खुर्ची देऊन बाजूला बसवावे.